सोनं गेलं, सायनाइडचे डोंगर राहिले

कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीला २८ फेब्रुवारी २००१ रोजी टाळं लागलं. एकशेवीस वर्षांत तिथून आठशे टनांवर सोनं निघालं. मागे राहिले ते खडकाच्या पिठाचे तेरा डोंगर. हजारेक एकरांवर पसरलेले, वजन सुमारे ३ कोटी ३० लाख टन. तिथले लोक त्यांना सायनाइडचे डोंगरच म्हणतात. या ढिगांत अजून २३ टनांच्या आसपास सोनं असावं, असा अंदाज आहे. म्हणून ते पुन्हा उपसायला कर्नाटक मंत्रिमंडळानं जून २०२४ मध्ये होकार दिला. सोन्याचा हिशेब सगळे करतात. गाळाचा कोण करणार?

एक टन ऊस गाळला की शंभरेक किलो साखर पडते. सोन्याचं तसं नाही. टनभर दगडातून तीन-चार ग्रॅम निघालं तरी खाण परवडते. म्हणजे जवळजवळ सगळाच दगड उरतो, तोही पिठासारखा दळून, पाण्यात कालवून आणि सायनाइड घालून. सायनाइडमध्ये सोनं विरघळतं, ते काढून घेतात. उरलेली राड मोठ्या तळ्यात सोडतात. यालाच टेलिंग्ज म्हणतात.

सायनाइडचं नाव काढलं की अंगावर काटा येतो, आणि तो यावाच. पण त्याला आवर घालता येतो. कालवणात चुना पुरेसा असला तर विषारी वायू सुटत नाही, राड सोडण्याआधी रसायनांनी सायनाइड मोडता येतं, उरलंसुरलं उन्हात हळूहळू कमी होतं. खडकात मुळातच आर्सेनिक किंवा शिसं असेल तर ते मात्र उन्हानं जात नाही. ते धुळीबरोबर उडतं, पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. गोव्यातल्या लोहखनिजाच्या डंपांखाली ज्यांची भातशेती आहे, त्यांना पावसाळ्यात ढीग कसा शेतात येतो हे सांगायला नको.

खरा वैरी पाणी. दक्षिण आफ्रिकेत मेरीस्प्रुट या वस्तीच्या डोक्यावर सोन्याच्या खाणीचा असाच ३१ मीटर उंच बांध होता. तळं आधीच तुडुंब भरलेलं, त्यात २२ फेब्रुवारी १९९४ च्या संध्याकाळी वळवासारखा जोराचा पाऊस झाला. अर्ध्या तासात पन्नासेक मिलिमीटर. बांध फुटला आणि राड घरांत शिरून १७ माणसं गेली. रोमानियात बाया मारे इथं ३० जानेवारी २००० रोजी पाऊस आणि वितळता बर्फ एकदम आला. सायनाइडचं लाखभर घनमीटर पाणी नदीत गेलं आणि पुढं हंगेरीत माशांचा खच पडला. दोन्हीकडे पाऊस निमित्त झाला. तळ्यात पावसासाठी जागाच ठेवली नव्हती.

आपल्या पाझर तलावाला सांडवा असतो. तलाव भरला की पाणी सांडव्यातून जातं, आपण नारळ फोडतो. इथं पाणी सांडणं म्हणजेच अपघात! म्हणून मोठ्यातला मोठा पाऊस मावेल एवढी मोकळी उंची बांधावर कायम राखावी लागते, आणि बांधाच्या पोटात पाणी किती चढलं ते नळ्या बसवून मोजत राहावं लागतं. त्यात कंपन्यांना मोह असतो तो जुन्याच गाळावर पाय ठेवून बांध आत-आत चढवत नेण्याचा. स्वस्त पडतं, पण पायाच चिखलाचा. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्योचा असाच बांध जानेवारी २०१९ मध्ये फुटून २७० जीव गेल्यावर त्या देशानं ही पद्धत बंद केली. गाळ दाबून, पाणी काढून कोरडा रचणं किंवा सिमेंट मिसळून खाणीच्या पोकळीत परत भरणं जास्त भरवशाचं. खर्चिक आहे, हे खरं.

आणि खाण बंद झाल्यावर? कोलारला तिथंच फसलं. खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी आर्थिक हमी देणं आपल्याकडे २००३ च्या नियमांनी बंधनकारक झालं, म्हणजे कोलारला टाळं लागल्यावर दोन वर्षांनी. पुढं २०२१ च्या दुरुस्तीनं यांत्रिक खाणींची हमी हेक्टरी ५ लाख रुपये झाली. डोंगर माती टाकून झाकायचा, गवत धरायचं, पाझरणारं पाणी वर्षानुवर्षं तपासायचं. एवढ्यात ते कसं भागावं?

आता उपसा झाला तर ३ कोटी ३० लाख टनांतून २३ टन जातील. बाकीचा सगळा गाळ पुन्हा कुठंतरी ठेवायचाच आहे, तोही ताजं सायनाइड पाजलेला. वर बसलेली धूळ पुन्हा मोकळी होईल ती वेगळीच. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण तर चालूच आहे, आणि तो मुलूख १९५६ पर्यंत मराठवाड्याबरोबर एकाच हैदराबाद राज्यात होता. म्हणजे ही लांबची कथा नव्हे. कुठंही जनसुनावणी लागली की गावानं सोन्याचा आणि नोकऱ्यांचा आकडा ऐकून घ्यावा, मग तीन गोष्टी लेखी मागाव्यात: नव्या गाळाची जागा व तिच्या तळाचं अस्तर, बांधातल्या पाण्याची मोजणी दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर, आणि कंपनी गेल्यावरच्या देखभालीची रक्कम कुठल्या बँकेत, कुणाच्या नावानं.