240 दिवसांची चोरी

21 नोव्हेंबर 2025 रोजी 29 केंद्रीय कामगार कायदे मोडीत निघून त्यांच्या जागी चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्याआधी अकरा महिने, 20 डिसेंबर 2024 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने वर्षानुवर्षे सफाई आणि बागकाम करणाऱ्या हंगामी कर्मचाऱ्यांना कायम करण्याचा आदेश देताना ‘तात्पुरता’ या शिक्क्याच्या गैरवापरावर कडक ताशेरे ओढले होते. न्यायालयाने ज्या गैरप्रकारावर बोट ठेवले तो संहितेने बंद करावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हती. प्रत्यक्षात कारखान्यांच्या गेटवर कामगाराला दर सात महिन्यांनी दिला जाणारा ‘ब्रेक’ चारही संहितांमधून ओरखडाही न उमटता बाहेर पडला आहे.

बारा तासांची पाळी, ठेकेदाराने मधल्या मध्ये कापलेली मजुरी, न भरलेला भविष्यनिर्वाह निधी ही गाऱ्हाणी वाचकांना तोंडपाठ आहेत, त्यांची यादी येथे देण्याचे कारण नाही. हे पत्रक एकाच प्रथेविरुद्ध आहे, कारण बाकीचे अन्याय निमूटपणे सोसायला लावण्याची ताकद तिच्यातून येते: ज्याला सात महिन्यांनी पुन्हा गेटवर हात जोडून उभे राहायचे आहे, तो ओव्हरटाइमचा हिशेब मागत नाही.

या प्रथेमागचे गणित नीट समजून घेतले पाहिजे. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 25-ब नुसार बारा महिन्यांत 240 दिवस काम केलेल्या कामगाराची सेवा वर्षभराची अखंड सेवा मानली जात असे, आणि त्यानंतर त्याला कामावरून कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस आणि भरपाई देणे मालकाला भाग असे. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांनी, म्हणजे कारखान्यातील नोकरीच्या अटी ठरवणाऱ्या सरकारी नमुना-नियमांनी, एवढ्याच अविरत सेवेनंतर कायम होण्याचा हक्कही दिला. पुढे 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने रविवार आणि पगारी सुट्ट्याही या 240 दिवसांत मोजाव्यात असा निर्णय दिल्यामुळे ही मुदत आठ महिन्यांतच भरू लागली. नेमणूकपत्रे सात महिन्यांचीच का असतात, याचे उत्तर येथे आहे. मशिनची गरज सात महिन्यांत संपत नाही, मालाची मागणीही दर सात महिन्यांनी थांबत नाही. जवळ आलेला असतो तो फक्त कामगाराच्या हक्काचा दिवस.

तो दिवस उगवू नये म्हणून राजीनाम्यावर किंवा ‘फुल अँड फायनल’च्या कागदावर सही घेतली जाते, गेटपास जमा होतो, माणूस काही दिवस घरी बसतो आणि मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर, नव्या टोकन नंबरने, त्याच लाइनवर, त्याच सुपरवायझरच्या हाताखाली पुन्हा उभा राहतो. नव्याने आलेल्या पोरांना काम शिकवण्याची जबाबदारीही पुष्कळदा त्याच्यावरच असते आणि कागदोपत्री मात्र तो स्वतःच कालची भरती ठरतो. या बनावाचा पुरावा कामगाराच्या मोबाइलमध्ये आहे. यूएएन, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीसाठी कामगाराला मिळणारा कायमचा क्रमांक, ठेकेदार बदलला तरी बदलत नाही. त्या एका क्रमांकाखाली आस्थापनांची नावे साचत जातात आणि दोन नावांच्या मध्ये एखाद्या महिन्याचा भरणा नसतो. सात महिने काम आणि एक महिना ब्रेक असा हिशेब धरला, तर दहा वर्षांत 15 नेमणुका होतात, 105 महिने प्रत्यक्ष काम होते आणि सेवाज्येष्ठता शून्यावरच राहते.

कायद्याला हे ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. कामगारांना बदली, हंगामी किंवा तात्पुरते म्हणून नेमून, कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत या हेतूने वर्षानुवर्षे तसेच ठेवणे ही अनुचित प्रथा आहे, असे महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने सांगितले, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या अनुसूचीतही तीच बाब आहे. पण हेतू सिद्ध करायचा तो कामगाराने. 240 दिवस भरल्याचे दाखवण्याचा भारही सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निर्णयाने त्याच्याच डोक्यावर ठेवला, हजेरीपट मात्र मालकाच्या कपाटात असतो. दुसरीकडे 1984 पासून मुदतीचा करार संपल्याने गेलेली नोकरी ही कामगारकपात धरली जात नाही. भरीस भर म्हणून स्थायी आदेश लागू होण्याची मर्यादा केंद्रीय कायद्यात 100 आणि महाराष्ट्रात 50 कामगारांची होती, ती नव्या संहितेने 300 वर नेली. जेथे संघटना सर्वांत दुबळी असते, त्या लहान कारखान्यांतल्या कामगाराचा आधारच अशा रीतीने काढून घेण्यात आला.

यावर ठरावीक आक्षेप येतात. पहिला म्हणजे, सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या उमादेवी निकालामुळे तात्पुरत्यांना कायम करता येत नाही हा, आणि तो खासगी कारखान्यांच्या वतीनेही बेधडक पुढे केला जातो. तो निकाल संविधानाच्या अनुच्छेद 14 आणि 16 खाली होणाऱ्या सरकारी भरतीविषयी होता. स्पर्धेतून यायच्या सरकारी पदांवर मागच्या दाराने कोणी कायम होऊ नये, हा त्याचा रोख. गेटवर उभे करून माणसे उचलणाऱ्या कारखान्याचा या अनुच्छेदांशी संबंध काय? शिवाय 1971 च्या राज्य कायद्याखालील औद्योगिक न्यायालयाचे अधिकार उमादेवीने हिरावले नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच स्पष्ट केले. सोळा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही ज्यांना हा खुलासा वाचवत नाही, त्यांना तो वाचायचाच नाही.

दुसरा आक्षेप लवचिकतेचा. दिवाळीआधी मागणी वाढते, ऊस गाळप काही महिनेच चालते, तेथे हंगामी माणसे लागणारच आणि त्याला कोणाचा विरोध नाही. मात्र बारमाही चालणाऱ्या असेंब्ली लाइनला हंगाम नसतो. ‘कामगारच टिकत नाहीत’ ही तक्रारही याच तोंडांतून येते. जो आपणहून जाणार आहे त्याला सातव्या महिन्यात ढकलून काढण्याची घाई का, एवढे तरी सांगावे.

तिसरा आक्षेप सर्वांत संतापजनक आहे, कारण तो उपकाराच्या भाषेत येतो. नव्या संहितेने मुदतीच्या नोकरीला कायम कामगाराइतकेच लाभ दिले आणि ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांऐवजी एकच वर्ष पुरेसे केले, असे अभिमानाने सांगितले जाते. तरतूद खरी आहे. परंतु करार किमान किती मुदतीचा असावा आणि तो किती वेळा नव्याने करावा, याला संहितेत मर्यादा नाही. सात महिन्यांच्या करारात एक वर्ष कधीच भरत नाही. जी कात्री 240 दिवसांवर चालत होती तीच आता ग्रॅच्युइटीवर चालेल.

म्हणून मागणी नेमकी आहे. एकाच आवारात, एकाच प्रकारच्या कामावर, एकाच यूएएनखाली झालेली सेवा ठेकेदार कितीही बदलले तरी सलग धरावी, आणि मधला खंड खरा होता हे सिद्ध करण्याचा भार मुख्य मालकावर, म्हणजे ज्याच्या आवारात काम चालते त्याच्यावर टाकावा. यासाठी नव्या यंत्रणेची गरज नाही; कोणत्या माणसाच्या नावावर कोणत्या महिन्यात कोणी भरणा केला, याची नोंद सरकारच्याच संगणकात आहे आणि कामगार खात्याने मागितली तर ती मिळू शकते. तोवर कामगारांनी प्रत्येक गेटपासचा, नेमणूकपत्राचा आणि पासबुकाचा फोटो काढून ठेवावा, आणि ब्रेकच्या दिवशी पुढे येणाऱ्या राजीनाम्यावर सही करू नये.