नवा अर्जनवीस

संगणकाच्या पडद्याची मांडणी करणाऱ्यांचा धंदा आता बुडाला, अशी हाकाटी गेली दोन-तीन वर्षे चोहोकडे ऐकू येत आहे. थेरगावच्या डांगे चौकातून रोज सकाळी हिंजवडीची वाट धरणाऱ्या तरुणांपैकी कित्येकांचे पोट याच विद्येवर चालते. तिला ‘युजर एक्स्पिरिअन्स डिझाइन’ असे भारदस्त इंग्रजी नाव आहे; आपण तिला वापराची रचना म्हणू. बटण कोठे असावे, रकाना केवढा असावा, चूक झाली तर माणसाला ती कशी उमगावी, हे ठरविणे हा तिचा विषय. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांपुढे आले, आणि तेव्हापासून नवमतवादी म्हणू लागले की, मनातला हेतू यंत्राला बोलून दाखवा, बाकीचे ते पाहून घेईल; बटणे नकोत, रकाने नकोत आणि ते मांडणारेही नकोत. हे मत आम्हांस साफ चुकीचे वाटते.

प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते प्रथम मान्य केले पाहिजे. या विषयातील मान्यवर पंडित याकोब नील्सन यांनी २०२३ साली असे प्रतिपादन केले की, यंत्राशी व्यवहार करण्याची अशी नवी तऱ्हा साठ वर्षांत प्रथमच अवतरली आहे. पूर्वी माणूस एकेक आज्ञा देई, आता तो केवळ इच्छित फळ सांगतो. यात अतिशयोक्ती नाही. जुन्या पडद्यांसाठी अश्रू ढाळण्याचेही कारण नाही. मराठवाड्यातून मुलाकडे थेरगावास राहावयास आलेल्या एखाद्या वृद्धेला निवृत्तिवेतनाचा अर्ज भरावयाचा झाला, तर पडद्यावरील अर्धे शब्द इंग्रजी, उरलेले इंग्रजीहून दुर्बोध सरकारी मराठी, आणि देवनागरी अक्षरे उमटविण्याचा खटाटोप निराळाच. पवईच्या आय. आय. टी.ने ‘स्वरचक्र’ हा कळफलक रचून तो खटाटोप हलका करण्याचा स्तुत्य यत्न केला. तथापि ज्याला लिहिताच येत नाही त्याला कळफलक काय कामाचा? अशा बाईला आपल्या बोलीत बोलून काम सांगता आले, तर तो उपकारच होय.

पण काम सांगता येणे निराळे आणि सांगितलेले काम बरोबर झाले हे कळणे निराळे. आपल्याकडे हा भेद फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कचेरीच्या दारात अर्जनवीस बसत असे. निरक्षर पक्षकाराने गाऱ्हाणे सांगावे, त्याने ते कायद्याच्या भाषेत उतरवावे, असा परिपाठ. परंतु मजकूर वाचून दाखविला व तो सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, अशी ओळ शेवटी आल्यावाचून जबाबावर अंगठा उठत नसे. लिहिणारा आणि सांगणारा वेगळे असले म्हणजे मध्ये कोठेतरी अर्थ बदलतो, हे त्या ओळीमागचे शहाणपण. कृत्रिम बुद्धीचा मदतनीस हा नवा अर्जनवीस आहे. तो जुन्याहून चपळ आहे, दक्षिणा मागत नाही आणि फार गोड बोलतो. मात्र त्याने काय लिहून घेतले, ते वाचून दाखविण्याचे बंधन त्याच्यावर कोणी घातलेले नाही.

गोड बोलण्याची भूल जुनी आहे. १९६६ साली अमेरिकेत वायझेनबाउम यांनी ‘एलिझा’ नावाचे एक यंत्र-संभाषण रचले. ते समोरच्याचेच शब्द उलटून विचारी, आणि एवढ्यावर माणसे त्याच्यापाशी मन मोकळे करू लागली. हे पाहून खुद्द रचनाकारच अस्वस्थ झाला. भुलीचे बिल कोणाच्या नावे फाडावयाचे, हा प्रश्न पुढे कॅनडात न्यायासनापुढे आला. एअर कॅनडाच्या संभाषण-यंत्राने, आजी वारलेल्या एका प्रवाशास सवलतीचा नियम चुकीचा सांगितला. आणि हे यंत्र आपल्या बोलण्यास स्वतःच जबाबदार आहे, असा युक्तिवाद कंपनीने केला! २०२४ च्या फेब्रुवारीत न्यायाधिकरणाने तो फेटाळून प्रवाशास भरपाई देवविली.

हे सारे आता आपल्या दाराशी आले आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०१३ साली ‘सारथी’ ही दूरध्वनी-सेवा सुरू केली, तेव्हा थेरगावचा नागरिक एक क्रमांक फिरवून जिवंत माणसाशी बोलू लागला. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने त्याला आणखी बळ दिले: प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत, तिला जबाबदार असा पदनिर्देशित अधिकारी, त्यावर दोन अपिले आणि शेवटी आयोग. २०२५ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने मेटा कंपनीशी करार करून ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवरील संभाषणातून देण्याचे ठरविले. बेत चांगला आहे. पण मुदत, अधिकारी आणि अपील या तीन गोष्टी कागदावर वा पडद्यावर छापलेल्या असल्या म्हणजे न विचारताही नजरेस पडतात. संभाषणात विचारल्याखेरीज काहीच येत नाही; आणि ज्याला आपला हक्क ठाऊकच नाही, तो विचारणार तरी काय? “क्षमस्व, आपली विनंती पूर्ण होऊ शकत नाही” एवढे नम्र वाक्य ऐकून ती वृद्धा फोन खाली ठेवील, आणि नकाराविरुद्ध दाद मागता येते हे तिला कधीच कळणार नाही.

म्हणून आमचे मागणे असे. मदतनिसाने काम पुढे धाडण्यापूर्वी काय समजले ते साध्या मराठीत वाचून दाखवावे आणि होकार घ्यावा. दिलेली संमती मागे घेण्याची सोय ठेवावी. नकार दिला तर त्याचे कारण, अधिकाऱ्याचे पद आणि अपिलाची वाट न विचारता सांगावी व तिची पावती द्यावी. स्वतःस ठाऊक नसेल तर तसे कबूल करून माणसाकडे सोपवावे. यातील एकही गोष्ट यंत्र आपण होऊन करणार नाही. ती कोणीतरी विचारपूर्वक रचावी लागेल.

तेव्हा हिंजवडीच्या वाटेवरील रचनाकारांनी उगाच सुतक धरू नये. बटणाचा रंग ठरविण्याचे त्यांचे काम गेले असेल तर खुशाल जावो. अशिक्षिताचा शब्द त्याच्याच अर्थाने दप्तरी पोहोचविण्याचे काम त्यांच्या शिरावर आले आहे. आणि मालकांनी ते करू दिले नाही, तर तसे उघड सांगण्याचे धैर्यही त्यांनी दाखविले पाहिजे.