रेव्हिंग्टनचा धंदा

रविवारी पन्हाळ्यावर झुणका-भाकरी हाणत होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. मी दोन बिल्डरांची ब्रोशर्स लिहिते. दोघांच्या साइट्स समोरासमोर. त्यांच्या चुरशीवरच तर माझं घरभाडं निघतं! त्यातला एक म्हणाला, 'डबल देतो. फक्त समोरच्याचा रेट कधी फुटतोय ते सांगा.'

मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण बसले होते नेमकी पन्हाळ्यावर. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात, राजापूरच्या इंग्रज वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन इथेच तोफगोळे घेऊन आला होता. आदिलशाही खूश, म्हणजे धंदा पक्का, हाच हिशोब असणार! १६६१ मध्ये शिवरायांनी राजापूरची वखार लुटली. रेव्हिंग्टन कैदेत.

फोनवर 'हॅलो, हॅलो' चालूच होतं. 'रेंज नाहीये हो,' म्हणाले आणि आणखी एक भाकरी मागवली.