वर्ग बंद, मैदान चालू

करोनाची साथ ओसरली, मास्क माळ्यावर गेले, आणि ‘मी तेव्हाच म्हणालो होतो’ म्हणणाऱ्यांचे दिवस आले. असे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. मी मिशिगनमध्ये राहतो, ते शेजारच्या ओहायोत. वयाने वडील, बोलायला गोड. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्याच्या शनिवारी कोणी सत्यनारायण ठेवला तर पूजेला बसतात, पण कथेच्या तिसऱ्या अध्यायाला त्यांचं लक्ष घड्याळाकडे जातं. मंडळाच्या एका कार्यक्रमात त्यांनी ‘साथीने काय शिकवलं’ या विषयावर अर्धा तास भाषण केलं आणि टाळ्या घेतल्या. उत्तर द्यायला मी उठणार, तोच जेवणाची घोषणा झाली आणि बासुंदीपुढे माझं खंडन राहून गेलं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. २०२० साली अमेरिकेत कॉलेज फुटबॉल खेळू नये म्हणणारे भित्रे होते. हंगाम झाला, कोणाचं काही बिघडलं नाही. मुलं तरुण, धडधाकट. त्यांना स्वतःला खेळायचं होतं. घरापेक्षा ती संघातच जास्त सुरक्षित होती. फुटबॉलच्या पैशावर बाकीचे खेळ जगतात. परंपरा मोडायची नसते. आणि शेवटी, हुकमाचा एक्का म्हणून, ‘आपली आयपीएल नाही का झाली?’

ज्यांना हा खेळ केवळ टीव्हीवर चुकून दिसतो त्यांच्यासाठी सांगतो. इथलं कॉलेज फुटबॉल म्हणजे आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हेत. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक माणसं बसतात. अलाबामाच्या मुख्य प्रशिक्षकाला त्या वर्षी नव्वद लाख डॉलरांच्या वर मोबदला होता. खेळणाऱ्या मुलांना तेव्हा शिष्यवृत्ती, राहणं-जेवण आणि वर थोडा खर्च. ११ ऑगस्ट २०२० ला बिग टेन आणि पॅक-१२ या विद्यापीठांच्या दोन बड्या गटांनी हंगाम पुढे ढकलला. दक्षिणेतल्या गटांनी खेळायचं ठरवलं. मग पालकांची निदर्शनं झाली, काही खेळाडू कोर्टात गेले, निवडणूक दोन महिन्यांवर असताना खुद्द राष्ट्राध्यक्षांचा फोन गेला आणि १६ सप्टेंबरला बिग टेनने शब्द फिरवला. आठ दिवसांनी पॅक-१२ नेही. ११ जानेवारी २०२१ ला मायामीजवळ अंतिम सामना झाला आणि त्यात अलाबामाने ओहायो स्टेटला ५२-२४ असं झोडपलं. (हा आकडा गृहस्थांच्या भाषणात नव्हता.) त्या दिवसापर्यंत देशात साथीने गेलेल्यांचा आकडा पावणेचार लाखांच्या आसपास होता.

आता मुद्दे घेऊ. पहिल्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करून टाकतो. त्या सप्टेंबरात ओहायो स्टेटच्याच डॉक्टरांनी २६ खेळाडूंची तपासणी प्रसिद्ध केली. चौघांच्या हृदयाच्या स्नायूंना दाह झाल्याच्या खुणा एमआरआयमध्ये दिसल्या होत्या, आणि सगळीकडे घबराट पसरली. पुढे बिग टेनमधल्या १,५९७ खेळाडूंची नोंद तपासली तेव्हा असे ३७ निघाले, म्हणजे २.३ टक्के, त्यातही लक्षणं असलेले फक्त ९. भीती वाटली त्यापेक्षा प्रकरण बरंच लहान निघालं. पण हे कळलं केव्हा? हंगाम खेळून झाल्यावर. निर्णय घेताना ते कोणालाच ठाऊक नव्हतं. निकाल पाहून धैर्य दाखवणाऱ्याला आमच्या गावात वेगळा शब्द आहे, तो इथे छापता येणार नाही. आणि ३७ म्हणजे शून्य नव्हे.

संघात मुलं सुरक्षित होती म्हणे. लुइझियाना स्टेटच्या प्रशिक्षकांनी सप्टेंबरच्या मध्यालाच सांगून टाकलं होतं की आपल्या संघातल्या बहुतेकांना करोना होऊन गेला आहे. फ्लोरिडाच्या प्रशिक्षकांनी ऑक्टोबरात एक सामना हरल्यावर, आपलं नव्वद हजारांचं मैदान खच्चून भरू द्या अशी मागणी केली. आठवडाभरात त्यांचा पुढचा सामना लांबणीवर पडला आणि ते स्वतःही बाधित निघाले. नोव्हेंबरात नोत्र दामने क्लेम्सनला हरवलं तेव्हा अंतर राखून बसवलेले विद्यार्थी एकाच लोंढ्यात मैदानात उतरले. सुरक्षितता म्हणतात ती हीच असावी.

परंपरेला एक ओळ पुरे: त्या वर्षी विठोबाच्या भेटीला पालख्या एसटीने गेल्या, आणि १९१८ पासून दर वर्षी होणारा मिशिगन-ओहायो स्टेट सामना रद्द झाला, दोन्ही राज्यं अजून जागेवर आहेत.

पैशाचं गणित मात्र गमतीचं आहे. आयोवा विद्यापीठाने फुटबॉल लांबल्याचं कारण पुढे करून ऑगस्टात चार खेळ बंद केले. महिन्याभरात फुटबॉल परत आलं. ते खेळ काही त्याबरोबर परत आले नाहीत. मुलींचा पोहण्याचा संघ वाचला तो मुली कोर्टात गेल्या म्हणून. स्टॅनफर्डने तर फुटबॉलचा निर्णय व्हायच्या महिनाभर आधीच अकरा खेळांवर फुली मारली होती. फुटबॉल थोरल्या भावासारखं घर चालवतं हे ऐकायला बरं वाटतं. पण घरात अडचण आली की धाकट्यांच्या ताटातली पोळी आधी जाते.

मुलांची स्वतःची इच्छा होती, हे खरं आहे. ऑगस्टात क्लेम्सनच्या क्वार्टरबॅकसह, म्हणजे संघाच्या सूत्रधारासह, अनेक नामवंत खेळाडूंनी ‘आम्हाला खेळायचंय’ असं जाहीर पत्रक काढलं. गृहस्थ हे पत्रक भक्तिभावाने सांगतात आणि नेमकी शेवटची मागणी गिळतात. ती होती खेळाडूंची स्वतःची संघटना उभारण्याची. त्याच्या आठवडाभर आधी पॅक-१२ मधल्या खेळाडूंनी सुरक्षिततेच्या अटी आणि उत्पन्नात वाटा मागितला होता. मुलं म्हणत होती, खेळतो, पण आमचं ऐका. ऐकणाऱ्यांनी पहिला शब्द ऐकला आणि दार लावून घेतलं.

आता माझ्या खऱ्या दुखण्याकडे येतो. जागा संपली तरी चालेल.

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल परिसरात १० ऑगस्ट २०२० ला वर्ग सुरू झाले. वसतिगृहांमधून भराभर रुग्ण निघाले, आणि १७ ऑगस्टला, म्हणजे बरोबर एका आठवड्यात, विद्यापीठाने जाहीर केलं की पदवीचे वर्ग आता पडद्यावर. काही अपवाद वगळता मुलांना खोल्या रिकाम्या करून घरी जाण्याचा सल्ला मिळाला. बाडबिस्तरा गाडीत भरताना पालक रडले असतील. १२ सप्टेंबरला त्याच परिसरातल्या मैदानावर विद्यापीठाच्या संघाने सिराक्यूजविरुद्ध पहिला सामना खेळला आणि जिंकला.

हे दृश्य नीट डोळ्यांसमोर आणा. खिडक्या उघड्या ठेवून, मास्क लावून, सहा-सहा फुटांवर बसून इतिहास शिकणं धोक्याचं. आणि बावीस दणकट माणसांनी एकमेकांच्या तोंडासमोर धापा टाकत, एकमेकांच्या अंगावर पडत, दर अर्ध्या मिनिटाला घोळका करून कानात बोलणं मात्र शास्त्रीय. विषाणू सुशिक्षित असावा. त्याला वर्ग कुठला आणि मैदान कुठलं हे कळत होतं.

गृहस्थांचं यावर उत्तर तयार असतं: चाचण्या. बरोबर. बिग टेनने खेळाडूंची रोज चाचणी करायची व्यवस्था केली, दक्षिणेतल्या गटांनी आठवड्यातून तीनदा. मग माझा प्रश्न, चाचण्यांनी जर इतकं साधत होतं तर त्या ग्रंथालयात का नव्हत्या? मेसमध्ये भांडी घासणाऱ्या बाईंना रोज चाचणी का नव्हती? साठीच्या प्राध्यापकाला का नव्हती? याचं उत्तर गृहस्थ देत नाहीत, मी देतो: प्राध्यापकाच्या तासाचे प्रक्षेपणहक्क कोणी विकत घेत नाही.

त्या सत्रात माझी मुलगी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक लॅपटॉपवर बघत असे. परीक्षानळीतला रंग बदलला की नाही हे तिच्या वायफायवर अवलंबून होतं. कॉलेजचं नाव घेत नाही. फी मात्र पूर्ण घेतली. शनिवारी दुपारी तीच मुलगी तोच लॅपटॉप टीव्हीला जोडून त्याच कॉलेजचा सामना बघायची. ‘बाबा, कॉलेज उघडं आहे, फक्त आम्हाला बंद आहे,’ असं ती एकदा म्हणाली. गृहस्थांच्या अर्ध्या तासापेक्षा मला ते वाक्य वजनदार वाटतं.

यातून एक साधी गोष्ट सिद्ध होते. जिथून विद्यार्थ्यांना घरी पाठवलं तिथे जो मागे ठेवला, तो विद्यार्थी नव्हे. तो कामगार. स्वयंपाकी मागे राहिला, रखवालदार मागे राहिला, आणि क्वार्टरबॅक. पहिल्या दोघांना निदान पगार होता.

आणि हा ‘विद्यार्थी-खेळाडू’ शब्दही फार निरागस नाही. कोलोरॅडोतल्या एका छोट्या कॉलेजचा खेळाडू १९५५ साली डोक्याला मार लागून गेला. पत्नीने कामगार-भरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ती नाकारली, कारण तो नोकर नव्हता. अशा दाव्यांच्या धास्तीनेच एनसीएए या नियामक संस्थेने हा जोडशब्द घडवला आणि सगळ्यांच्या तोंडी बसवला, हे त्या संस्थेच्या माजी कार्यकारी संचालकांनीच पुढे पुस्तकात लिहून ठेवलं. २०२० साली तो शब्द दोन्ही टोकांनी वापरला गेला. पैसे मागितले की ‘तुम्ही विद्यार्थी’. वर्ग बंद झाले की ‘तुम्ही खेळाडू’. त्या जूनमध्ये ओहायो स्टेटने आपल्या मुलांकडून जोखीम समजल्याच्या कागदावर सह्या घेतल्या. ही माफी-पत्रं नव्हेत, असं विद्यापीठ म्हणालं. ऑगस्टात एनसीएएला नियम काढावा लागला की खेळायला मिळण्यासाठी कायदेशीर हक्क सोडायची अट घालता येणार नाही. हेतू शुद्ध असतात तिथे असे नियम का काढावे लागतात?

थोडं विषयांतर होतंय, होऊ द्या. ही संस्था जन्मली कशी हे गृहस्थांना ठाऊक आहे, कारण दहा-बारा वर्षांपूर्वी डोक्याच्या दुखापतींवरून आमचं असंच वाजलं होतं, तेव्हा मीच त्यांना सांगितलं होतं. १९०५ साली मैदानावर इतकी मुलं मेली की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी खेळाचे नियम बदलले, चेंडू पुढे फेकायची मुभा मिळाली, आणि एक संघटना स्थापन झाली. तीच आजची एनसीएए. खेळाडूंचे जीव वाचवायला जन्मलेली ही संस्था २०२० साली इतर खेळांच्या स्पर्धा रद्द करून मोकळी झाली आणि बड्या फुटबॉलबद्दल म्हणाली, तो आमच्या अखत्यारीत नाही, ज्याचं त्याने बघावं. दुखापतींच्या वेळी गृहस्थ म्हणाले होते, ‘क्रिकेटमध्येही चेंडू लागतोच की.’ त्यांच्याकडे क्रिकेटचं उदाहरण नेहमी तयार असतं.

म्हणून आयपीएल. हो, झाली. १९ सप्टेंबरला अमिरातीत सुरू झाली, रिकाम्या मैदानांत. पण तिथले खेळाडू लिलावात बोली लागलेले व्यावसायिक होते. करार हातात, मोबदला ठरलेला, आणि नको असेल तर परत यायची सोय. काही जण आलेही. कोणी त्यांना सकाळी ‘तू बी.कॉम.चा विद्यार्थी’ आणि दुपारी ‘तू सलामीवीर’ असं म्हटलं नाही. आणि तीच आयपीएल पुढच्या मे महिन्यात भारतात मध्येच थांबवावी लागली, हे गृहस्थांच्या यादीत नाही. त्या मोसमात रणजी झालीच नाही, तेही नाही.

मग माझं म्हणणं काय? लोक विचारतात तेव्हा मी जरा अडखळतो, कारण पाडायला घर सोपं असतं. तरी सांगतो. ज्या विद्यापीठाचे वर्ग उघडे, त्याने खेळावं. ज्याचे बंद, त्याने खेळू नये. आयव्ही लीगच्या आठ विद्यापीठांनी ८ जुलैलाच शरद ऋतूतले सामने रद्द केले, तीही विद्यापीठंच होती. आणि खेळायचंच असेल, तर मुलांना नोकर म्हणा, पगार द्या, विमा द्या, निर्णयात मत द्या. मग ती साथीत खेळोत, चक्रीवादळात खेळोत. छोट्या गावांतल्या हॉटेलवाल्यांचं, शनिवारच्या ओस पडलेल्या बाजाराचं काय, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. गृहस्थांकडेही नव्हतं, कारण मैदानं भरलीच नव्हती.

जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या लाभांवरच्या खटल्यात ९-० अशा एकमताने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. जून २०२५ मध्ये एका तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली. तीत २०१६ पासूनच्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलरांची भरपाई द्यायची आहे, दहा वर्षांत, हप्त्याहप्त्याने. त्यांत २०२० साली खेळलेली मुलंही आहेत. ही भरपाई त्यांची नावं आणि चेहरे वापरून कमावलेल्या पैशाची आहे. साथीत मैदानात उभं केल्याबद्दलचं कलम त्या कागदात कुठेही नाही.