हात वाकतो म्हणजे हात शाबूत नव्हे

या समूहावर आपण एरवी जुन्या बडोद्याच्या आठवणी लिहितो, दांडिया बजारातले वाडे, गणपतीची आरास वगैरे. आज मी भांडायला आलोय. भांडण कुणा एका माणसाशी नाही, आपल्या घराघरांत रुजलेल्या एका वाक्याशी आहे: "सूज उतरू दे, मग बघू."

बारा दिवसांपूर्वी डेडलिफ्ट करताना माझ्या डाव्या कोपरापाशी जाड कापड फाटावं तसा आवाज झाला. बारवर 160 किलो होते, उजवा तळवा माझ्याकडे, डावा समोर. हा समोर वळलेला हातच अशा वेळी तुटतो, आणि तो बहुधा चाळिशीच्या आसपासच्या पुरुषाचा असतो. मी 44 वर्षांचा आहे. अर्ध्या तासात कळ बरीच कमी झाली. दुसऱ्या दिवशी कोपराच्या खळग्यापासून मनगटाकडे जांभळा डाग उतरला आणि दंडाची बेटकुळी वर सरकून गोळा झाली.

मग सल्ले सुरू झाले. तालमीत आयुष्य गेलेले एक काका म्हणाले, लचक आहे, मोहरीचं तेल कोमट करून चोळ. एका डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड शाबूत म्हणाले, स्नायू ताणलाय, तीन आठवडे आराम करा. शेजारच्या बेन म्हणाल्या, "कंई नथी, मटी जशे." आणि सगळ्यांचा शेवटचा पुरावा एकच, हात वाकतोय ना? मग झालं तर!

हा पुरावाच खोटा आहे, आणि त्यासाठी ही पोस्ट. कोपर वाकवणारा मुख्य स्नायू बेटकुळीच्या खाली दडलेला असतो, वेगळाच. त्याला काही झालेलं नसतं, म्हणून हात वाकतो. बेटकुळीचं खास काम आहे तळवा वर फिरवणं. तिची खालची कंडरा, डॉक्टर ज्याला टेंडन म्हणतात ती, हाडावरून सुटली की वाकणं राहतं आणि पिळण्याची ताकद जाते. मकरपुऱ्यात माझं छोटं वर्कशॉप आहे. डाव्या हाताने घट्ट बसलेला स्क्रू सैल करायला गेलो तर हातात जोरच नाही, पेचकस नुसता धरून उभा. "डावाच आहे ना" म्हणणाऱ्यांनी एकदा डाव्या हातात भरलेलं ताट तळव्यावर पेलून बघावं.

आणि एक्स-रे? एक्स-रेत हाड दिसतं, कंडरा दिसत नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून पेढे वाटण्यात अर्थ नाही.

खरं निदान ना तेलाने झालं ना एक्स-रेने. ते झालं एका बोटाने. पाचव्या दिवशी आमच्या सोसायटीतल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने माझं कोपर काटकोनात वाकवलं, तळवा तोंडाकडे पुरता फिरवायला सांगितला आणि बाहेरच्या बाजूने खळग्यात तर्जनी घातली. उजव्या हातात दोरीसारखी ताठ कंडरा बोटात अडकली. डाव्यात बोट नुसतं आत गेलं, अडकायला काही नव्हतंच. अर्ध्या मिनिटाचं काम! त्याच संध्याकाळी हाडांच्या सर्जनकडे, दुसऱ्या दिवशी एमआरआय. कंडरा पूर्ण तुटून चार सेंटिमीटर वर गेलेली.

आता "तीन आठवडे आराम" या सल्ल्याकडे पुन्हा बघा. ही कंडरा पुन्हा हाडाला जोडण्याचा सोपा काळ पहिल्या दोन-तीन आठवड्यांचाच. नंतर ती आखडते, आजूबाजूला चिकटते, तिची वाट बुजते, आणि कधी दुसरीकडची कंडरा आणून ठिगळ लावावं लागतं. म्हणजे ज्या तीन आठवड्यांत धावायचं, नेमक्या त्याच तीन आठवड्यांत आम्हाला झोपवून ठेवतात. वर सूज उतरली की घरचे म्हणणार, बघ, बरा झालास!

प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं मी म्हणत नाही. अर्धवट तुटली असेल तर हिशोब वेगळा. पंच्याहत्तरीच्या, जड काम न करणाऱ्या माणसाने नाही केलं तरी चालतं. पण ते ठरवायचं निदान झाल्यावर, वेळ हातात असताना. वेळ घालवून मग "आता काय उपयोग" म्हणणं हा निर्णय नव्हे.

इथे कुणीतरी प्रोफेसर माणिकरावांचं नाव काढणार, म्हणून आधीच सांगतो. जुम्मादादा व्यायाम मंदिराबद्दल मलाही तुमच्याइतकाच अभिमान आहे, आणि माणिकरावांचा हाडं बसवण्यातला लौकिक मीही आजोबांकडून ऐकलाय. पण निखळलेलं हाड हाताने जागेवर बसू शकतं. तुटलेली कंडरा कितीही चोळली तरी हाडाला चिकटत नाही. आणि सयाजीरावांच्या बडोद्याचा वारसा म्हणजे फक्त तेलाची वाटी का? मुजुमदारांचा व्यायाम ज्ञानकोश दहा खंडांत याच गावातून निघाला. कसरतीचंही शास्त्र असतं, ते लिहून ठेवावं लागतं, हे आपल्या पणजोबांना कळलं होतं. आपल्या कपाटात ते खंड दिसतात, उघडलेले क्वचित.

आणखी एक कुजबुज कानावर आली. "इंजेक्शनं घेत असणार." नाही घेत. सर्जननी आणि भूल देणाऱ्या मॅडमनी हेच स्पष्ट विचारलं, तंबाखू-सिगारेटचंही विचारलं, आणि ते त्यांचं कामच आहे. सिगारेट ओढणाऱ्यांत ही कंडरा जास्त तुटते. जिममधल्या पोरांनो, घेत असाल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांपासून तरी लपवू नका, पावडरींचे डबेसुद्धा दाखवा. मात्र बारशाच्या पंगतीत हा प्रश्न विचारणाऱ्या मावशीला उत्तर द्यायला मी बांधील नाही.

परवा ऑपरेशन, चौदाव्या दिवशी. रक्ताच्या तपासण्या, ईसीजी झाले, विम्याची कॅशलेस मंजुरी काल संध्याकाळी आली. कोपराच्या पुढून छेद घेऊन कंडरा हाडाला बांधतील. हाताच्या बाहेरच्या कडेला काही दिवस बधिरपणा राहू शकतो, तो बहुतेकांचा हळूहळू जातो, असं समजावून सांगितलंय. जड वजनाला पाचसहा महिने हात नाही.

नातेवाइकांसाठी दोनच सूचना. सकाळी लवकर शिरा किंवा खिचडी घेऊन हॉस्पिटलात येऊ नका, भुलेआधी सहा तास खायचं नसतं, आणि दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे, तोही खाण्यातच धरतात. "एक घोट चालशे" असं कुणी म्हणालं तर बायकोला सांगून ठेवलंय, ती दारातच अडवेल. भेटायला रविवारनंतर या. पुढून बटणं असलेला, बाह्या ढगळ असलेला जुना शर्ट कुणाकडे असेल तर जरूर आणा. तेल नको.