चिप आली, वही कुठाय?

आटपाडी माझं आजोळ आणि माण तालुका सासर, त्यामुळे खिल्लार हा आमच्याकडे न संपणारा विषय! एक पक्ष सांगलीकडच्या 'आटपाडी महाल' खिल्लारचा, दुसरा साताऱ्याच्या म्हसवड खिल्लारचा. दोन्हीकडची जुनी माणसं शिंगांच्या वळणावरून आणि चालीवरून रक्त सांगतात. आता रक्त सांगायला एक नवीन पाहुणा आलाय, जीनोमिक चिप.

म्हणजे काय, तर गायीच्या डीएनएत सुमारे २७० कोटी अक्षरं असतात. प्रत्येक जनावराची सगळी वाचणं परवडत नाही. म्हणून जनावरागणिक जिथे अक्षर बदलतं, अशा निवडक जागाच चिप तपासते. त्यावरून नातं कळतं, जात किती शुद्ध आहे ते कळतं.

गोम इथेच आहे. २००९ साली गायीचा जो पहिला जीनोम प्रसिद्ध झाला, तो हिअरफर्ड या विलायती जातीच्या गायीचा. सुरुवातीच्या चिपांवरच्या जागाही मुख्यतः विलायती जातींवरून निवडलेल्या. आमच्या वशिंडवाल्या गायींत त्यातल्या कितीतरी जागी फरकच नसतो. मग परक्याच्या फूटपट्टीने आपलं जनावर मोजायचं कसं? म्हणून २०२१ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेची 'इंडिगऊ' चिप आली. पुढे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमला पंतप्रधानांच्या हस्ते गायींसाठी 'गौचिप' आणि म्हशींसाठी 'महिषचिप' जाहीर झाली. चांगलं झालं, मला मनापासून आनंद आहे.

पण चिपला 'चांगली गाय' म्हणजे काय हे ठाऊक नसतं, ते आपण सांगायचं असतं. अमेरिकेत २००९ पासून होल्स्टीन गायींची निवड जीनोमवरून होते, कारण त्यांच्याकडे कित्येक दशकांच्या दुधाच्या नोंदी होत्या. खिल्लारचं काय? ती औताची जात, दूध वासरापुरतं आणि घरापुरतं. नुसतं दूध मोजलं तर ती नापासच होणार!

दुसरी फूटपट्टी शर्यतीची. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली, २०२३ मध्ये कायदाही वैध ठरवला आणि खोंडांना पुन्हा भाव आला. त्यामुळे दावणीला खिल्लार टिकली, हे मी नाकारत नाही. पण सगळ्यांनीच एका जिंकलेल्या वळूकडे गाय नेली तर पुढे भावाबहिणींचाच जोडा लागतो. हा धोका चिप आधी दाखवू शकते.

माणदेशाने खिल्लार घडवली ती उन्हात चालण्यासाठी, दुष्काळात कडब्यावर तगण्यासाठी. तगण्याचं गुपित डीएनएत शोधता येतं. २०१२ मध्ये प्रशांत महासागरातल्या कालवाचा जीनोम वाचला, तेव्हा उष्णतेपासून पेशींना सांभाळणाऱ्या एका प्रथिन-कुटुंबाची ८८ जनुकं त्यात सापडली. माणसात ती सतराच्या आसपास. ओहोटीला उन्हात उघडं पडणाऱ्या जिवाची ही शिदोरी! खिल्लारलाही हाच प्रश्न विचारायला हवा.

पण त्यासाठी चिपच्या निकालाशेजारी वही लागते. कोणती गाय कधी व्याली, कोणत्या वळूची, दुष्काळात किती महिने भाकड राहिली... हे सगळं आज म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे आणि त्यांच्याबरोबरच जाणार आहे. खरसुंडीच्या, पुसेगावच्या यात्रेत एवढी जनावरं येतात. तिथेच पशुवैद्यकांनी टेबल टाकावं, नमुना घ्यावा, नोंद करावी आणि निकाल मालकाला मराठीत कळवावा. ज्याने जात राखली त्यालाच तिची माहिती मिळू नये, हे बरं नव्हे.

तोवर आजोळ-सासरच्या मंडळींनो, कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहिताच ना? त्याच चौकोनात वासराच्या जन्माची खूण आणि वळूचं नावही लिहून ठेवा. आणि वर्ष संपलं की कॅलेंडर रद्दीत घालू नका!