त्यू, वू आणि आम्ही दोघी

नव्या पेठेत जन्म काढलेल्या माणसाला भाषा शिकावी लागत नाही. रंगपंचमीच्या रंगासारखी ती अंगावर उडते. आमच्या घराखाली कापडाचे दुकान आहे. तिथला पोऱ्या सातवीतून शाळा सोडून आलेला. पण गिऱ्हाईक पायरी चढले की त्याच्या चालण्यावरूनच तो भाषा ओळखतो. अक्कलकोटकडच्या बाईशी कानडी, पूर्व भागातल्या पद्मशाली आजीशी तेलुगू, विजापूर वेशीतल्या खालाशी दखनी उर्दू आणि माझ्याशी मराठी बोलून तो आम्हां चौघींनाही एकाच भावात गंडवतो! व्याकरण कशाशी खातात हे त्याला ठाऊक नाही. मी मात्र छत्तीस वर्षे शाळेत व्याकरणच शिकवले, आणि मला एक मराठी सोडली तर धड काही येत नाही.

अशी मी सदुसष्टाव्या वर्षी वही-पेन घेऊन फ्रेंचच्या वर्गात जाऊन बसले. हसू आले ना? येऊ द्या. वर्गातही पहिल्या दिवशी आलेच होते.

झाले असे. माझा लेक फ्रान्समध्ये लियों शहरात नोकरीला आहे. 2025 च्या सप्टेंबरात तीन महिन्यांच्या व्हिसावर मी त्याच्याकडे गेले. त्याच्या कचेरीत सगळा कारभार इंग्रजीत, त्यामुळे त्याचे फ्रेंच भाजी-पावापुरते असूनही अडत नाही. नातू सहा वर्षांचा. तो तर झोपेतसुद्धा फ्रेंच बडबडतो. राहिली सून. तिला तिथे जाऊन सात वर्षे झाली, पण दारावर पोस्टमन आला तरी ती पोराला पुढे करायची.

आता हे चालण्यासारखे नव्हते. फ्रान्सने 2024 साली नवा कायदा केला आणि परक्या माणसाला भाषा किती यायला हवी याच्या अटी 1 जानेवारी 2026 पासून कडक केल्या. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात: ए-एक, ए-दोन, बी-एक, बी-दोन आणि तशाच सी-च्या दोन. दहा वर्षे राहण्याच्या परवान्याला पूर्वी ए-दोन पुरे होते, आता बी-एक. आणि नागरिकत्व हवे तर बी-दोन. म्हणजे नळाला पाणी येत नाही एवढे सांगता येऊन भागत नाही, ते का येत नसावे यावर आपले मतही देता आले पाहिजे.

सुनेने दोनदा शिकवणीत नाव घातले होते आणि दोनदा सोडले होते. कारण विचारले तर म्हणे, "आई, सगळे माझ्याकडे बघतात." मग हळूच म्हणाली, "तुम्ही आलात तर जाईन."

मी म्हटले, चल. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आमच्याच सोलापूरचे. 1938 साली भारताने पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक म्हणून ते चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा करता करता चिनी बोलायला-लिहायला शिकले, तिथल्याच मुलीशी लग्न केले, आणि 1942 च्या डिसेंबरात अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. त्यांच्या डोक्यावर बाँबगोळे होते. माझ्या डोक्यावर लोकरीची टोपी. मला काय धाड भरली होती?

वर्ग मंगळवारी नि गुरुवारी सकाळी. बारा जण. एक युक्रेनची बाई, एक अफगाण शिंपी, ब्राझीलचा एक उंच पोरगा, एक जपानी आजोबा (ते माझ्याहूनही म्हातारे निघाले तेव्हा मला हायसे वाटले) आणि अशीच देशोदेशीची मंडळी. बाई तिशीतल्या. त्या फ्रेंचखेरीज अवाक्षर बोलत नसत. कोणी इंग्रजी शब्द काढला की कानांवर हात ठेवायच्या! मला ही पद्धत आधी अघोरी वाटली. पण अफगाण शिंप्याला इंग्रजी येत नाही आणि ब्राझीलच्या पोराला पुश्तू येत नाही, तेव्हा दुसरे करणार तरी काय? हातवारे, चित्रे आणि देवाचे नाव.

फ्रेंचची मुख्य अडचण म्हणजे ती लिहितात एक आणि बोलतात निराळेच. 'पुष्कळ' याला शब्द आहे 'बोकू'. त्यात आठ अक्षरे लिहायची आणि चार उच्चारायची. मी सरळ देवनागरीत टिपणे घेतली. 'र' त्यांचा घशातून येतो, तो विजापूर वेशीतल्या 'ग़रीब'मधला 'ग़'. नाकातले उच्चार तर आपल्या कोकणी पाहुण्यांना तोंडपाठच. पण त्यांचा तो ओठांचा चंबू करून काढायचा 'यू' कुठल्याच अक्षरात मावेना. त्यासाठी मी एक नवे चिन्ह पाडले. बाईंनी वही हातात घेतली, उलटी धरून पाहिली, आणि सगळ्या वर्गाला दाखवली.

आकड्यांच्या दिवशी मात्र मी सगळ्यांच्या पुढे गेले. फ्रेंच माणूस एकोणसत्तरपर्यंत शहाण्यासारखा मोजतो. सत्तरला म्हणतो 'साठ-दहा', ऐंशीला म्हणतो 'चार-विसा' आणि नव्वदला 'चार-विसा-दहा'. नव्याण्णव म्हणजे 'चार-विसा-दहा-नऊ'! युक्रेनच्या बाईने कपाळाला हात लावला. ब्राझीलचा पोरगा तर रागावलाच. मला हसू आवरेना. कारण लहानपणी मंगळवार बाजारात गवऱ्या विकायला येणारी म्हातारी नेमकी अशीच मोजायची: "चार ईसा नि धा." आम्ही शाळेत जाणारी पोरे तिला अडाणी म्हणायचो. तीच म्हातारी त्या दिवशी मला फ्रेंचच्या वर्गात भेटली, आणि मी मनातल्या मनात तिची माफी मागितली.

दुसरी ओळख निघाली ती मागाची. लियों हे रेशमाचे गाव. तिथल्या विणकरांना 'कान्यू' म्हणत. 1831 साली आणि पुन्हा 1834 साली मजुरीच्या दरासाठी त्यांनी बंड केले आणि सैन्याने ते मोडले. क्र्वा-रूस नावाच्या टेकडीवर त्यांची वस्ती होती. घरे उंच छताची, कारण माग उंच. तिथल्या चौकात एक पुतळा आहे. बाईंनी वर्ग सहलीला नेला तेव्हा त्या पुतळ्याखालचे नाव मी अक्षर अक्षर लावून वाचले आणि ओरडलेच, "अगं बाई, हा तर आपला जेकार्ड!"

जोझेफ-मारी जाकार, जन्म 1752, मृत्यू 1834. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून मागावर नक्षी आपोआप उतरवण्याची युक्ती त्याने 1804 च्या सुमारास सिद्ध केली. सोलापुरी चादरीवरचा मोर आणि कमळ उमटते ते त्याच युक्तीने. पूर्व भागातल्या ज्या बोळांतून मी लहानपणी खटाखट आवाज ऐकत मैत्रिणीकडे जात असे, तिथे 'जेकार्ड' हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडे. तो माणसाचे नाव असेल असे कधी वाटले नव्हते. पुढच्या मंगळवारी मी घरातली सोलापुरी चादर वर्गात नेली, बाईंच्या टेबलावर पसरली, आणि येत होते तेवढ्या चाळीस शब्दांत सांगितले: हे माझे गाव, हा माग, हा जाकार. बरोबर शेंगाचटणीही नेली होती. त्यांच्या लांबलचक पावाला ती लोण्यात कालवून लावली. जपानी आजोबांनी दोनदा घेतली आणि मग बराच वेळ पाणी पीत बसले.

एवढी सगळी गंमत मी माझीच सांगते आहे. सून कुठे होती? माझ्या शेजारी, मान खाली घालून. तिचे लिहिणे माझ्याहून सरस. क्रियापदे चालवावी तर तिने. पण तोंड उघडायचे नाही.

आणि मग 'त्यू'चा धडा आला. फ्रेंचमध्ये 'तुम्ही'ला 'वू' म्हणतात आणि 'तू'ला 'त्यू'. ब्राझीलच्या पोराला कुणाला काय म्हणावे हे घोकावे लागत होते. आम्हां दोघींना त्यात नवे काहीच नव्हते. शिवाय 'त्यू' म्हणजे आपला 'तू'च, फक्त ओठांचा चंबू केलेला. बाईंनी जोड्या लावल्या. मला नि सुनेला समोरासमोर बसवले. एकमेकींना दिवसभराचे विचारायचे, आणि घरचे माणूस म्हणून 'त्यू'च म्हणायचे.

सून म्हणाली, "वू..."

बाई म्हणाल्या, "नाही नाही, त्यू."

ती पुन्हा म्हणाली, "वू." तिचे कान लाल झाले. बाईंना कळेना, एवढी हुशार मुलगी इथेच का अडते. मी मराठीत पुटपुटले, "म्हण गं, इथे कोण ऐकतंय?" तिने डोळे मिटले आणि गार पाण्यात उडी मारावी तसे म्हणाली, "त्यू."

मग विचारायची पाळी माझी आली. मला एकच प्रश्न नीट येत होता: "ए आप्रे?" म्हणजे, आणि मग? तेवढ्यावर मी निभावून नेत होते.

ती सांगू लागली. सहाला उठते. डबा करते. नवरा जातो. मुलाला शाळेत सोडते.

"ए आप्रे?"

"झातां."

मला आधी वाटले मराठीतच काही म्हणाली, 'जाता' की काय. मग ध्यानात आले, ते क्रियापद आम्ही मागच्याच आठवड्यात केले होते. झातां, मी वाट पाहते.

"ए आप्रे?"

"झातां."

"ए आप्रे?" मी विचारले, दुसरा प्रश्न मला येतच नव्हता.

"झ् स्वी सल," ती म्हणाली. मी एकटी असते. तिने हे वहीकडे न बघता म्हटले, माझ्याकडे बघून. मग म्हणाली, साडेचारला शाळा सुटते.

बाई पाठीमागे उभ्या होत्या. "त्रे ब्यँ!" म्हणाल्या. फारच छान. खरेच, सगळी क्रियापदे बरोबर होती.

वाचकहो, या मुलीची सोलापुरात नऊ वर्षांची नोकरी होती. हिशेबात पक्की, अडल्या-नडल्याला वरिष्ठही तिलाच विचारत. लेकाला लियोंची नोकरी मिळाली तेव्हा ती घुटमळत होती, आणि "नोकरीचे काय घेऊन बसलीस, तिकडे दुसरी मिळेल" असे तिला म्हणणारी मीच. दर रविवारी फोनवर मी विचारायची, "कशी आहेस?" ती म्हणायची, "मजेत आहे, आई." आणि मी पेठेत सगळ्यांना सांगायची, सून मजेत आहे. सात वर्षे. आमच्या दोघींच्या मायबोलीत.

घरी येताना ट्राममध्ये आम्ही काही बोललो नाही. स्टॉपवर उतरताना तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, एवढेच.

रविवारी मी लेकाला समोर बसवले. तो म्हणाला, "मला कधी बोलली नाही ती." मी म्हटले, मलाही नाही. रडारड वगैरे झाली नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही. मी असेपर्यंत नातवाला शाळेतून आणणे आणि स्वयंपाक माझ्याकडे, आणि ती दोनाऐवजी चार दिवस वर्गाला जाणार, असे ठरले. मी गेल्यावर चार दिवसांतले दोन दिवस लेक कचेरीतून लवकर निघणार. तो पहिल्या आठवड्यात विसरला. दुसऱ्या आठवड्यात तिने त्याला फोन करून आठवण दिली. पूर्वी दिली नसती.

दिवाळी ऑक्टोबरात झाली. खिडकीत चार पणत्या लावल्या तर समोरच्या फ्रेंच आजींनी घंटा वाजवली, काही पेटले की काय म्हणून. सून दाराशी गेली. पोराला हाक मारली नाही. पाच मिनिटे काय बोलत होती कोण जाणे. आजी चकली घेऊन गेल्या. डिसेंबरच्या आठ तारखेला त्याच आजी पुन्हा आल्या, काचेच्या पेल्यातले छोटे दिवे घेऊन. 1852 साली फूर्व्हिएर टेकडीवर मेरीमातेची मूर्ती बसवली त्या रात्री लोकांनी आपापल्या खिडक्यांत दिवे लावले, तेव्हापासून लियोंत दरसाल त्या दिवशी खिडक्यांतून दिवे लागतात. आम्ही खाली उतरून पाहिले. सबंध रस्ता लुकलुकत होता. नातू म्हणाला, "आजी, यांची दिवाळी उशिरा येते."

मी पाच दिवसांनी सोलापूरला परतले. सून पुढच्या उन्हाळ्यात परीक्षेला बसली. बोलण्यात उत्तम गुण, ऐकण्यात थोडक्यात वाचली, आणि बी-एक पदरात पडले. आता एका लेखापालाच्या कचेरीत उमेदवारी करते आहे, आठवड्यातले तीन दिवस. पगार फार नाही. माझे फ्रेंच मात्र ए-एकच्या पायरीवरच बसून आहे. खालच्या पोऱ्याला 'बोंझूर' शिकवले. तो आता ते गिऱ्हाइकांवर फेकतो आणि वर दोन रुपये जास्त लावतो.

परवा फराळाचा डबा पाठवला म्हणून सुनेचा फोन आला. "आई, तुम्ही उगाच एवढे केलेत," वगैरे मराठीत झाले. मग लेक बाहेर गेल्याचा आवाज आला आणि तिचा सूर बदलला. रक्तदाबाची गोळी घेतलीस का, विचारत होती. 'त्यू' म्हणून.

मी घेतली नव्हती. फ्रेंचमध्ये खोटे कसे बोलायचे हे अजून आलेले नाही, म्हणून उठून घेतली.